फोनवरचं ध्यान आणि रात्री साडेदहाचा मेसेज

२०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले. ठिकठिकाणच्या प्रकल्प कार्यालयांत पिशव्या भरभरून फोन जमा झाले. तक्रारी अगदी साध्या होत्या. फोन तापतो, हँग होतो, त्यात जागा पुरत नाही, बिघडला की दुरुस्तीचा भुर्दंड आमच्याच अंगावर पडतो, आणि ज्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये मुलांची वजनं-उंची भरायची ते ॲप इंग्रजीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरच्या सुरुवातीला, दिल्लीत आयुष मंत्रालयाने ‘वाय-ब्रेक’ नावाचं ॲप आणलं. कामाच्या जागीच पाच मिनिटं आसनं, थोडा प्राणायाम, थोडं ध्यान. ताण उतरला की माणूस ताजातवाना होऊन पुन्हा कामाला लागेल, अशी कल्पना. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी ते वापरावं म्हणून पत्रकही निघालं.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध कोणी जोडला नाही. तसा तो थेट नव्हताही. सेविका मानधनावरच्या, आणि ॲप पगारदार कर्मचाऱ्यांसाठी. पण फोनने दिलेला ताण आणि फोनने घालवायचा ताण असे दोन्ही प्रकार जवळपास एकाच महिन्यात सरकारदरबारी हजर होते, आणि त्यातल्या दुसऱ्याचाच गाजावाजा झाला.

फोनवरून शिकवलेलं ध्यान हे थोतांड आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. ते काम करतं, आणि त्याचे बऱ्यापैकी पुरावे आहेत. माझा आक्षेप ते कोण कोणाला देतं याबद्दल आहे. एखाद्या माणसाने आपणहून निवडलं तर ध्यानाच्या त्या थोड्या मिनिटांचा त्याला खरोखर उपयोग होतो. पण ज्याच्यामुळे ताण येतो त्यानेच ते वाटायला घेतलं, तर ती त्याची स्वतःची सुटका असते. अशा वेळी ॲपच्या आधी त्याच्याकडून दुसरं काहीतरी वसूल करायला हवं.

आधी पुराव्याचं बोलू. आपल्याकडे या विषयावर दोनच सूर लागतात. एक म्हणजे, हे सगळं आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. दुसरा, हे सगळं अमेरिकेतलं फॅड आहे, चार दिवसांत उतरेल. दोन्हींची सोय अशी की नेमकं काय मोजलं गेलं हे विचारावंच लागत नाही.

आज ज्याला माइंडफुलनेस म्हणतात, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचं ध्यान, त्याचं दवाखान्यातलं रूप १९७९ मध्ये सुरू झालं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग घेतला. दर आठवड्याला एकत्र बसायचं, घरी रोज सराव करायचा. खर्चिक आणि वेळखाऊ प्रकरण. २०१० नंतर हेडस्पेससारखी ॲप्स आली आणि तोच माल छोट्या छोट्या पुड्यांत फोनवर मिळू लागला. साहजिकच प्रश्न आला, की एवढं पातळ केल्यावर त्यात काही उरतं का?

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड क्रेसवेल, एमिली लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पाहायचं ठरवलं. २०१८ मध्ये त्यांचा निबंध आला. ताणाने त्रासलेले सुमारे दीडशे प्रौढ त्यांनी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. सगळ्यांना दोन आठवडे रोज वीस मिनिटांचा धडा फोनवर, शिवाय थोडासा घरचा सराव. पहिल्या गटाला दोन गोष्टी शिकवल्या: शरीरात, मनात आत्ता काय चाललंय ते बघा, आणि जे दिसेल त्याला हुसकावून लावू नका, असू द्या. दुसऱ्या गटाला फक्त बघायला शिकवलं. तिसऱ्याला ध्यान दिलंच नाही. आपल्या अडचणींचा नीट विचार कसा करावा, त्यातून मार्ग कसा काढावा असे धडे दिले. शेवटी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावून मुद्दाम ताण दिला.

हा ताण देण्याची रीत मोठी गमतीची आहे. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी ती १९९३ मध्ये मांडली आणि जगभर तीच वापरतात. तुम्हाला थोडा वेळ तयारीला देतात आणि मग परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण करायला उभं करतात. परीक्षकांना सक्त ताकीद असते की हसायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. ते संपलं की एका मोठ्या आकड्यातून एकच संख्या पुन्हा पुन्हा वजा करत मोठ्याने उत्तरं सांगायची, आणि चुकलात की पहिल्यापासून. मधूनमधून लाळेचे नमुने घेऊन कॉर्टिसॉल हे ताणात वाढणारं संप्रेरक मोजतात, रक्तदाब बघतात. पंचायत समितीच्या आढावा बैठकीत ‘तुमच्या केंद्राचं काम एवढं मागे का?’ या प्रश्नाला उभं राहून उत्तर दिलेल्या कोणालाही हे वर्णन परकं वाटणार नाही. फरक इतकाच, की ट्रिअरचा खेळ तासाभरात आटोपतो आणि शेवटी सांगतात की हे सगळं नाटक होतं.

निकाल असा लागला. पहिल्या गटातल्यांचं कॉर्टिसॉल आणि वरचा रक्तदाब बाकीच्यांपेक्षा कमी उसळला. ज्यांना नुसतं ‘बघा’ असं शिकवलं होतं त्यांना मात्र तसा फायदा झाला नाही. याच धाटणीच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असंही दिसलं की पहिल्या प्रकारच्या धड्यांनी रोजच्या जगण्यातला एकटेपणा २२ टक्क्यांनी कमी झाला आणि माणसं दिवसाला सरासरी दोनदा जास्त कोणाशी तरी बोलू लागली. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. डोळे मिटून, कानात इअरफोन घालून एकट्याने केलेल्या गोष्टीने माणूस शेजाऱ्याशी बोलायला लागतो, हे मी ऐकीव गोष्ट म्हणून मान्य केलं नसतं.

अर्थात याला मर्यादा आहेत. प्रयोग छोटा, दोन आठवड्यांचा, आपणहून आलेल्या लोकांवरचा. आणि २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्या एकत्र करून झालेल्या मोठ्या आढाव्यात फायदा दिसला तो मध्यम, चिंता आणि नैराश्य यांच्या बाबतीत. व्यायाम किंवा औषध यांसारख्या दुसऱ्या उपायांपेक्षा ध्यान वरचढ आहे असं काही त्यात आढळलं नाही. म्हणजे रोज संध्याकाळी टेकडी चढणाऱ्या माणसाने फोनवर ध्यान करत नाही म्हणून खंत बाळगायचं कारण नाही. पण ज्याला टेकडी नाही, वेळ नाही, गुडघे नाहीत, त्याच्या खिशात काहीतरी उपयोगाचं आहे, एवढं नक्की म्हणता येईल.

आता मुद्द्याची गोष्ट. या धड्यांतला गुण कशात आहे, तर ‘असू द्या’ म्हणण्यात. नुसतं बघत बसून भागलं नाही. आणि नेमकी हीच गोष्ट साहेबाच्या कानावर पडली की त्याचे डोळे चमकतात. कर्मचाऱ्याने स्वीकार करायला शिकावं, यापेक्षा वरिष्ठाला आणखी काय हवं असतं?

माझ्या ओळखीतल्या एक बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत. दोन शिक्षकी शाळा, त्यामुळे शिकवायचं, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन हजेरी, आधार जुळणी, दाखले, सगळं दोघांतच. रात्री साडेदहाच्या सुमाराला जेवणं उरकून ओटा पुसत असताना फोन वाजतो. ग्रुपवर मेसेज असतो: ‘सर्व मुख्याध्यापक, सदर माहिती आज रात्री ११ पर्यंत सोबतच्या लिंकवर न चुकता भरावी. विलंबास आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल.’ खाली गुगल शीट. ती उघडली की एकाच वेळी शंभर-दीडशे जण आत, त्यामुळे कोणाची ओळ कोणाच्या ओळीवर चढलेली. तोवर ग्रुपवर ‘भरली सर’, ‘सादर सर’, हात जोडलेले इमोजी यांची रांग लागलेली असते. यातली निम्मी माहिती महिन्याभरापूर्वी दुसऱ्या शीटमध्ये दिलेली असते.

बाईंनी ध्यानाचं ॲप घेतलं ते एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फरक पडला. मेसेज वाजला की छातीत जे धस्स व्हायचं ते अजूनही होतं, पण आता त्या ते होताना बघतात. मानेत येणारा ताठरपणा, हाताच्या तळव्यांना सुटणारा घाम, आणि ते हळूहळू ओसरतं. पूर्वी त्याच धडधडीत शीट भरायच्या आणि चुका व्हायच्या.

ओसरल्यावर काय करायचं, हे ॲप सांगत नाही. सांगू शकतही नाही. बाई शांतपणे रात्री पावणेअकराला शीट भरू शकतात, किंवा शांतपणे ‘उद्या शाळेच्या वेळेत भरते, सर’ असं लिहू शकतात. त्यांनी एकदा दुसरं करून पाहिलं. आकाश कोसळलं नाही, पण पुढच्या बैठकीत नाव घेऊन टोमणा बसला. तो टोमणा झेलायलाही धडे उपयोगी पडले असं त्या हसत सांगतात.

ध्यानात जे असू द्यायचं असतं ते आपल्या छातीतलं धस्स. साडेदहाचा मेसेज असू द्यायचा, असं त्या वीस मिनिटांत कुठेही सांगितलेलं नसतं. उलट ज्याला स्वतःच्या धडधडीची भीती उरत नाही तो जास्त नीट नकार देऊ शकतो, आवाज न चढवता. पण संस्था जेव्हा हेच धडे वाटते तेव्हा ती या दोन गोष्टींची सरमिसळ करते, बहुतेक वेळा नकळत. कर्मचारी शांत झाला म्हणजे तक्रार मिटली, असा हिशेब धरला जातो. तक्रार मिटलेली नसते. ती करणाऱ्याचा फक्त रक्तदाब उतरलेला असतो.

हा केवळ माझा संशय नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. कंपनीने दिलेली ध्यानाची ॲप्स, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, मन खंबीर करण्याची प्रशिक्षणं असे सगळे प्रकार त्यात होते. यात भाग घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना केली, तर भाग घेणाऱ्यांची अवस्था काही अधिक बरी असल्याचं दिसलं नाही. उठून दिसणारा अपवाद एकच: ज्यांना कंपनीने समाजोपयोगी कामासाठी वेळ दिला होता ते थोडे बऱ्या स्थितीत होते. फ्लेमिंग यांचं सांगणं असं की माणसाला बदलण्यापेक्षा कामाची रचना बदला: वेळापत्रक, कामाचा बोजा, पगार, वरिष्ठांची वागणूक.

कार्नेगी मेलन आणि ऑक्सफर्डचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं वाटेल. मला तसं वाटत नाही. पहिल्या प्रयोगात प्रयोगशाळेतला ताण होता, सुरुवात आणि शेवट असलेला. दुसऱ्यात रोजची नोकरी होती. वीस मिनिटांनी उतरवलेला ताण पुढचे दहा तास पुन्हा चढवत राहिले, तर वर्षाअखेरीच्या बेरजेत काय उरणार? कळशीला भोक असताना पाणी शेंदणाऱ्याची पद्धत सुधारण्यासारखंच हे.

शिवाय ही ॲप्स लोक वापरत राहतात का, हेही बघावं लागतं. मानसिक आरोग्याच्या ९३ लोकप्रिय ॲप्सचा प्रत्यक्ष वापर मोजून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲप घेतल्यानंतर तिसाव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण होतं ३.३ टक्के, म्हणजे निम्म्या ॲप्सचं तर त्याहूनही कमी. प्रयोगात पाठपुरावा करणारं कोणीतरी असतं. घरी आपण आणि आपला आळस. त्यावर ॲपवाल्यांनी काढलेला उपाय म्हणजे आठवण करून देणारे मेसेज आणि सलग किती दिवस ध्यान केलं याचा आकडा. एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. मन शांत ठेवायचं साधन ‘आज तुम्ही अजून ध्यान केलं नाही’ असं रात्री टोचतं, तेव्हा त्यालाही केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर घ्यायला हरकत नसावी.

सक्तीने तर याचं आणखीच पाणी होतं. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. वर्गात माइंडफुलनेस शिकवलेल्या अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांपेक्षा अधिक फायदा झालेला दिसला नाही, आणि बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नाही. आपल्याकडेही शाळांतून आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं ध्यान, शिकवण्याचा उपक्रम चालतो. त्यामागच्या हेतूबद्दल शंका नाही. पण वेळापत्रकात तास टाकला म्हणून मन लागतं असं नाही, हे कवायतीच्या तासाने आपल्याला केव्हाच शिकवलंय.

महाराष्ट्रात हा प्रश्न किती खरा आहे ते २०२४ मध्ये दिसलं. पुण्यात एका मोठ्या कंपनीत नुकत्याच लागलेल्या तरुण कर्मचारी मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर फिरलं. मृत्यूचं कारण कामच होतं का, यावर मी निवाडा देणार नाही. कंपनीने ते नाकारलं. पण त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. केंद्रीय अर्थमंत्र्यांनी चेन्नईतल्या एका समारंभात, ताण झेलण्याचं आंतरिक बळ घरातून आणि शिक्षणसंस्थांतून मिळायला हवं, अशा आशयाचं बोलून टीका ओढवून घेतली. आणि राज्याच्या कामगार विभागाने तपासणी केली, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं बाहेर आलं. कामाचे तास ठरवणारा कायदा तोच. आंतरिक बळाची चर्चा दूरचित्रवाणीवर आठवडाभर रंगली. नोंदणीची बातमी आतल्या पानांवर राहिली.

त्या कायद्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास जादा काम अशी तरतूद होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा दहा तासांवर आणि जादा काम १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास. गुंतवणूक यावी, उद्योगांना लवचीकता मिळावी, जादा तासांचा दुप्पट मोबदला कामगारांना मिळेल, अशी कारणं दिली गेली. त्यात तथ्य असेलही. पण एका हाताने तास वाढवायचे आणि दुसऱ्या हाताने ताण कमी करण्याचं ॲप द्यायचं, हे एकाच राज्यव्यवस्थेत सुखाने नांदतं, याचं कोणाला विशेष वाटत नाही, हे मला खुपतं.

कामाच्या वेळेनंतर फोन किंवा ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं. मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेली अशी खासगी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, हे सर्वांना माहीत आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑगस्टपासून अशा स्वरूपाचा कायदा आहे. तिथले उद्योगधंदे बंद पडले नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरं नव्हे. कायदा होईल तेव्हा होईल, साहेब सुधारेल तेव्हा सुधारेल. तोपर्यंत माणसाने काय करायचं? रात्री झोप येत नाही त्याला कामगार कायद्याचा इतिहास सांगून काय उपयोग? हे मला मान्य आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. लाख लोकांमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. जिल्ह्याच्या गावाबाहेर तर विचारायलाच नको. अशा ठिकाणी फोन हे बऱ्याचदा एकमेव दार असतं. २०२२ पासून चालू असलेली ‘टेली मानस’ ही सरकारी मदतवाहिनी, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथे पलीकडे माणूस असतो. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ध्यानाच्या ॲपआधी हा नंबर. डोळे मिटून बसल्यावर काहींना बरं वाटण्याऐवजी जुन्या आठवणी उसळून जास्त त्रास होतो, आणि ते ॲपला कळत नाही.

फोनचा आणखी एक फायदा ध्यानाचे पट्टीचे साधक मान्य करत नाहीत. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोएंका यांनी घालून दिलेल्या पद्धतीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करायचं तर दारातच मोबाइल जमा करावा लागतो. दहा दिवस मौन. फी नाही; शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. ज्यांनी केलंय ते म्हणतात, फोनवरचं तुमचं ते ध्यान म्हणजे पोहण्याचा व्हिडिओ बघणं. असेल. पण दहा दिवस कोणाला मिळतात? राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी १४ दिवसांपर्यंत परिवर्तित रजा मिळण्याची सोय आहे, आणि ती चांगली सोय आहे. कंत्राटी कामगाराला ती नाही, मानधनावरच्या सेविकेला नाही, धुणीभांडी करणाऱ्या मावशींना तर रविवारही नाही. विरारच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, इअरफोन घालून, बोरिवली ते अंधेरी डोळे मिटून बसलेल्या बाईला मी कमी लेखणार नाही. घरी वीस मिनिटं दार लावून बसता येईल अशी खोली तिच्याकडे असेलच असं नाही. तिचं ध्यान तिथेच व्हायचं.

म्हणून मी ॲपच्या विरोधात नाही. ते फुकट किंवा स्वस्त मिळावं आणि चांगल्या मराठीत मिळावं. इंग्रजी धड्यांची ओढाताण करून केलेली मराठी ऐकली तर आहे तो ताण वाढेल. आनापानाच्या छोट्या ध्वनिफिती मोफत मिळतात, त्यांनी सुरुवात करायला हरकत नाही. कार्नेगी मेलनच्या कामातून एक व्यावहारिक धडाही घेता येईल: नुसतं ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हणून सोडून देणाऱ्या फितीपेक्षा, जे जाणवेल ते नाकारू नका असंही शिकवणारी फीत निवडावी.

पण मालक किंवा सरकार ॲप वाटणार असेल तर अटी वेगळ्या. ते ऐच्छिक हवं, हे तर झालंच. कोणी किती वेळा उघडलं याची यादी कार्यालयात पोहोचता कामा नये. ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने, बेटरहेल्पने, ग्राहकांची आरोग्याबद्दलची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी ७८ लाख डॉलरला तडजोड केली. तिथे ग्राहक स्वतः पैसे मोजत होता. इथे पैसे साहेब मोजणार.

आणि मुख्य अट: ॲपचं पत्रक एकटं निघू नये. ज्या पत्रकात ‘कर्मचाऱ्यांनी रोज पाच मिनिटं ध्यान करावं’ असं लिहाल, त्याच पत्रकात कार्यालयीन मेसेज किती वाजेनंतर पाठवायचे नाहीत, एकदा दिलेली माहिती वर्षातून किती वेळा मागता येईल, आणि रात्री पाठवलेल्या ‘तातडीच्या’ मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं म्हणून कोणावर ठपका ठेवता येणार नाही, हेही लिहा. शिक्षण, महिला व बालविकास, आरोग्य या तीन खात्यांपासून सुरुवात करता येईल. तिथल्या शेवटच्या टोकाच्या बायका दिवसभर फोनवर माहिती भरत असतात. याला नवा कायदा लागत नाही, एका सचिवाची सही पुरते. पूर, साथ, निवडणूक यांच्यासाठी अपवाद जरूर ठेवा, आणि अपवाद कोण ठरवणार त्या अधिकाऱ्याचं पद नावानिशी लिहा; नाहीतर गणवेशाच्या मापांची गुगल शीटही उद्या आपत्ती व्यवस्थापनात जाऊन बसेल.